नसत्या चौकशा

पुरुष चौकस असतो आणि बाई नसत्या चौकशा करते. आहे की नाही गंमत? गोष्ट एकच. समोरच्या घरात दिवा किती वाजता लागला, कोणाच्या दुधाची पिशवी दुपारपर्यंत कडीलाच लटकत राहिली, नव्या बिऱ्हाडात माणसं किती आणि दारात चपला किती. हे पुरुषाच्या लक्षात आलं तर ‘नजर बारीक आहे हो!’ आणि बाईच्या लक्षात आलं तर ‘हिला दुसरे उद्योग नाहीत.’ तालुक्याच्या गावात वीस-बावीस वर्षं संसार केला, त्यातली बारा-तेरा वर्षं महिला मंडळाच्या समुपदेशन केंद्रात आठवड्याचे तीन दिवस बसते आहे. त्यावरून एक सांगते. गावाची खरी माहिती ना चावडीवर असते, ना पोलीस चौकीत. ती असते नळावर, गिरणीत आणि दुपारी निवडायला घेतलेल्या भाजीच्या ताटाभोवती.

म्हणूनच असेल, मला छोट्या गावातल्या रहस्यकथा फार आवडतात. तसं रहस्यकथांचं वेड आपल्या मराठी घरांना नवीन नाही. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि धनंजय आमच्या वडिलांच्या पिढीने चोरून वाचले, आम्ही त्यांच्या ट्रंकेतून काढून वाचले. पण ते सगळे मोठ्या शहरातले धाडसी पुरुष. पिस्तूल, मोटारी, वेषांतर! वाचताना मजा यायची, पण त्यात आपण कुठेच नव्हतो. मी म्हणते त्या कथा वेगळ्या. त्यात एक लहानसं गाव असतं, सगळे सगळ्यांना ओळखत असतात, आणि गुन्हा शोधून काढणारी व्यक्ती पोलीसही नसते आणि पगारी गुप्तहेरही नसते. बहुतेक वेळा ती एक वयस्कर बाई असते. इंग्रजीत या प्रकाराला ‘कोझी मिस्ट्री’ म्हणतात. रक्तपात फारसा दिसत नाही, मारामारी नाही, आणि चहा मात्र भरपूर!

या सगळ्या बायकांची आजी म्हणजे अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल. इंग्लंडमधल्या सेंट मेरी मीड नावाच्या काल्पनिक खेड्यात राहणारी, अविवाहित, पांढऱ्या केसांची, सतत काहीतरी विणत बसलेली. ती पहिल्यांदा अवतरली १९२७ सालच्या एका कथेत. तिच्याच घरी पाच मंडळी जमली आहेत. लेखक भाचा, एक चित्रकार तरुणी, एक पाद्री, एक वकील आणि स्कॉटलंड यार्डचा माजी प्रमुख. ठरतं असं, की दर मंगळवारी एकेकाने आपल्याला माहीत असलेलं न सुटलेलं कोडं सांगायचं. तरुणी माणसं मोजते. पाच! घरमालकीण शेजारी विणत बसली आहे, तिला मोजायचं कोणाच्या मनातही येत नाही. तेव्हा म्हातारी स्वतःच सौम्यपणे आठवण करून देते, की मलाही धरा.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींना हे अनुभवाने कळेल! दिवाणखान्यात महत्त्वाची चर्चा चाललेली असते आणि चहाचा ट्रे घेऊन आत-बाहेर करणारी आपण त्या मोजणीत नसतो.

पुढे काय होतं ते सांगण्याचा मोह आवरत नाही. कथा शंभर वर्षांची व्हायला आली, तेव्हा रहस्य फोडल्याचं पाप माथी घेते. एका बाईला विष घालून मारलेलं असतं. नवऱ्यावर संशय असतो, पण पुरावा मिळत नाही. त्याने लिहिलेल्या पत्राचे काही शब्द टीपकागदावर उमटलेले असतात. त्यात ‘हंड्रेड्स अँड थाउजंड्स’ असे शब्द असतात. शेकडो आणि हजारो! सगळे म्हणतात, पैशांचाच मामला. मिस मार्पल मात्र जेवणात काय काय होतं ते लक्ष देऊन ऐकते. शेवटी ट्रायफल नावाचा गोड पदार्थ होता, हे तिला पुरतं. त्या पदार्थावर साखरेचे रंगीत बारीक दाणे भुरभुरवतात, आपल्याकडे केकवर असतात ना, तसे. इंग्लंडच्या स्वयंपाकघरात त्या दाण्यांचंच नाव ‘हंड्रेड्स अँड थाउजंड्स’. विष त्यातून गेलं होतं. स्कॉटलंड यार्डच्या साहेबाला जे दिसलं नाही, ते तिला दिसलं, कारण तिला स्वयंपाकघराची भाषा येत होती.

ख्रिस्तीबाईंनी आपल्या आत्मचरित्रात मिस मार्पलचं मूळ सांगितलं आहे. त्यांच्या आजीच्या मैत्रिणी, त्यांच्या ओळखीच्या म्हाताऱ्या, हाच तो साचा. म्हणजे घरी येणाऱ्या आज्यांचं बोलणं एका मुलीने लक्ष देऊन ऐकलं होतं, एवढंच. मार्पलची पद्धतही अगदी घरगुती. कोणी नवा माणूस भेटला, की ती म्हणणार, हा अगदी आमच्या गावातल्या अमक्या दुकानदाराच्या मुलासारखा. लोक हसतात. पण माणसाचा स्वभाव खेड्यात आणि राजधानीत वेगळा नसतो, खेड्यात तो जवळून पाहायला मिळतो, हे तिने ओळखलेलं असतं. आमच्या केंद्रात जुन्या कार्यकर्त्या बाई होत्या, त्या नवऱ्याकडचं पहिलं वाक्य ऐकून म्हणायच्या, “हे मागच्या वर्षीच्या त्या कापडवाल्याचंच प्रकरण बघ.” आणि चार भेटींनंतर ते तसंच निघायचं.

तिच्या बारा कादंबऱ्यांपैकी १९५० सालची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ मला सर्वांत आवडते. गावच्या छोट्या वर्तमानपत्रात जाहिरात येते, की अमुक घरी शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा वाजता खून होणार आहे, मित्रमंडळींनी ही सूचना समजावी. आणि गाव काय करतं? घरोघरी लोक म्हणतात, छे, आपल्याला काय करायचंय! आणि साडेसहाच्या सुमाराला एकेक जण काहीतरी निमित्त काढून त्या घरी हजर! मी वाचताना एकटीच हसत होते. अशी जाहिरात आमच्या गावात आली असती, तर विरजण मागायला किती वाट्या आल्या असत्या याचा हिशेब करत होते.

पण याच पुस्तकात एक गंभीर गोष्ट आहे. दुसरं महायुद्ध संपून पाच वर्षं झाली आहेत. माणसं इकडची तिकडे गेली आहेत. पूर्वी गावात कोण कोणाचं, कुठून आलं, हे सगळ्यांना माहीत असायचं. आता शेजारी येऊन राहणारा स्वतःबद्दल जे सांगेल तेच खरं मानायचं, दुसरा आधार नाही, असं मिस मार्पल म्हणते. आपल्या गावांचं आज काय वेगळं आहे? वाडे पाडून अपार्टमेंट झाली. बदलीवर आलेले, मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातून येऊन राहिलेले, भाडेकरू. समोरच्या दारात कोण राहतं हे पाटीवरून कळतं. जुन्या गावात जाच होता, हे मी कधीच नाकारणार नाही. पण जुन्या वाड्यात एखादीचं रडणं चार बिऱ्हाडांना ऐकू यायचं. आता दार लावलं की टीव्हीचा आवाज.

समुद्र ओलांडून अमेरिकेत गेलं, तरी गाव आणि बाई तीच. ‘मर्डर, शी रोट’ ही मालिका तिथे १९८४ ते १९९६ अशी बारा वर्षं चालली, २६४ भाग! जेसिका फ्लेचर ही मेन राज्यातल्या कॅबट कोव्ह नावाच्या किनाऱ्यावरच्या काल्पनिक गावात राहणारी विधवा, इंग्रजीची माजी शिक्षिका. पन्नाशी उलटल्यावर ती रहस्यकथा लिहायला लागते आणि लिहिता लिहिता खरे गुन्हेही सोडवते. तिला मोटार चालवता येत नाही, गावात सायकलवरून फिरते. ही भूमिका करणाऱ्या अँजेला लॅन्सबरी मालिका सुरू झाली तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. आपल्या मालिकांमध्ये त्या वयाच्या बाईला एक तर देवघरात बसवतात, नाही तर सुनेच्या चहात काहीतरी कालवायला लावतात. लॅन्सबरी २०२२ साली गेल्या, पण त्यांची जेसिका आजही लोक पुन्हा पुन्हा पाहतात. त्या लहानशा गावात इतके खून कसे होतात, यावर तिथे विनोदही खूप झाले. ते ठीकच आहे. आपल्या मालिकांमध्ये एकेका बाईचं चार वेळा लग्न होतं, ते आपण चालवून घेतोच की!

आता एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. मिस मार्पल अविवाहित. जेसिका विधवा, मूलबाळ नाही. रितुपर्णो घोष यांनी २००३ साली मार्पलच्या एका कादंबरीवरून ‘शुभ महूरत’ हा बंगाली चित्रपट केला, तो मिळाला तर जरूर पाहा. त्यात राखीने केलेली रांगा पिशिमा, म्हणजे आत्या, घर न सोडता भाचीने आणलेल्या बातम्यांवरून खुनाचा छडा लावते. या भूमिकेसाठी राखीला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तीही विधवाच. म्हणजे लेखकांना मनोमन माहीत आहे, की बाईला नीट बघायला, विचार करायला, धागे जुळवायला मोकळीक हवी असेल, तर आधी तिच्या मागचा कुकर, डबे आणि सासू-सासऱ्यांची औषधं काढून घ्यावी लागतात! मला यात लेखकांची सोय दिसते, आणि थोडा अन्यायही. कारण माझा अनुभव असा, की सर्वांत चांगलं निरीक्षण भरल्या घरातल्या बाईचं असतं. ताटात काय उरलं यावरून कोणाचं काय बिनसलं, हे तिच्याइतकं कोणाला कळतं?

पण नुसतं कळून काय उपयोग? माझा खरा मुद्दा इथेच आहे.

लहान गावात गुपित असं काही नसतं. सगळ्यांना सगळं माहीत असतं. आमच्या केंद्रात एखादीचं प्रकरण आलं, मुलगी गंभीर भाजून दवाखान्यात गेली किंवा विहिरीत सापडली, आणि आम्ही शेजारी जाऊन बसलो, की दहा मिनिटांत कळतं. “अहो, आम्हाला वाटलंच होतं.” “दिवाळीपासून माहेरी पाठवली नव्हती.” “रात्री आवाज यायचे.” मग विचारलं, की कोणाला सांगितलं का, तर उत्तर ठरलेलं. “आपण कशाला कोणाच्या घरच्या भानगडीत पडा?” म्हणजे बघणारे डोळे वीस होते आणि बोलणारं तोंड एकही नव्हतं. बरं, बोलणं अजिबात झालंच नाही असंही नाही. हळदी-कुंकवात झालं, भिशीत झालं, तिच्या चारित्र्यावर तर भरपूर झालं. जिथे व्हायला हवं होतं, तिथे झालं नाही.

कुचाळकी आणि चौकसपणा यांतला हा फरक ख्रिस्तीबाईंनी फार चांगला पकडला आहे. ‘द बॉडी इन द लायब्ररी’ या १९४२ सालच्या कादंबरीत गावच्या एका सभ्य कर्नलच्या घरी, पुस्तकांच्या खोलीत, अनोळखी तरुण मुलीचं प्रेत सापडतं. कर्नलचा काही संबंध नसतो. पण गाव कुजबुजायला लागतं. जेवणाची आमंत्रणं बंद होतात, लोक तोंड चुकवू लागतात, आणि तो बिचारा आतून खचत जातो. त्याची बायको मिस मार्पलला मदतीला बोलावते. कुजबुजणाऱ्यांजवळ आणि मिस मार्पलजवळ डोळे सारखेच होते. गाव जे पाहिलं ते वाटत सुटलं, आणि मार्पलने ते पोटात ठेवलं, इतर गोष्टींशी ताडून पाहिलं आणि योग्य माणसासमोर मांडलं.

आणि ती कोणासाठी मांडते, तेही महत्त्वाचं. १९५३ सालच्या ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’मध्ये एका श्रीमंत घरात तीन मृत्यू होतात. घराचा मालक, त्याची बायको, आणि ग्लॅडिस नावाची मोलकरीण. ग्लॅडिस बागेत कपडे वाळत घालायच्या दोरीजवळ सापडते, गळा आवळलेली, आणि नाकाला कपड्यांचा चिमटा लावलेला. मोठ्या माणसांच्या खुनाच्या गदारोळात तिची आठवण कोणाला? पण मिस मार्पल वर्तमानपत्र वाचून, गाडीत बसून, न बोलावता त्या घरी येते. ग्लॅडिस अनाथाश्रमातून आलेली मुलगी, तिला घरकाम मार्पलनेच शिकवलं होतं. मालकाच्या खुनापेक्षा तिला राग येतो त्या चिमट्याचा. मेलेल्या गरीब मुलीची अशी थट्टा! सौम्य म्हातारी तिथे संतापलेली दिसते. खरं तर ख्रिस्तीबाईंच्या पुस्तकांत मोलकरणी बहुधा बावळट असतात, लेखिका त्यांच्याकडे जरा वरूनच पाहते, हे मला नेहमी खटकतं. पण हे एक पुस्तक त्याची बरीच भरपाई करतं.

ती कपड्यांची दोरी माझ्या डोक्यात राहिली आहे, त्याला कारण आमच्याकडचं एक प्रकरण. ओळख पटणार नाही असं सांगते. साठीच्या एक काकू केंद्रात आल्या. स्वतःची तक्रार नव्हती. म्हणाल्या, “बाई, माझं चुकत असेल, पण आमच्या मागच्या घरातली नवी सून तीन आठवडे दोरीवर कपडे घालायला आली नाही. सासू घालते. कपडे सुनेचे असतात, सून नसते.” बस, एवढंच. माहेरी गेली असेल, आजारी असेल, दिवस गेले असतील, असं दहा जणींनी म्हटलं असतं. काकूंचं म्हणणं, “माहेरी गेली तर मग तिचे रोजचे गाऊन दोरीवर कसे? आजारी आहे तर घरी डॉक्टर का नाही आला? आणि दिवस गेले असते तर सासूने पेढे वाटले असते!” आम्ही दोघी मंडळाच्या कार्यक्रमाचं आमंत्रण घेऊन सहज म्हणून त्या घरी गेलो. ‘सून झोपली आहे’ म्हणून सांगितलं. आम्ही पाणी मागितलं, बसून राहिलो. शेवटी ती बाहेर आली, तेव्हा तिचा उजवा हात ओढणीत बांधलेला होता. प्लास्टर नव्हतं. मोडलेला हात तीन आठवडे तसाच! पुढे संरक्षण अधिकारी, दवाखाना, माहेर, कोर्ट, सगळं रीतसर झालं. आज ती मुलगी आपल्या पायावर उभी आहे. काकूंचं नाव त्या घराला कधी कळलं नाही, आणि काकूंनी ते गल्लीतही कोणाला सांगितलं नाही. मिस मार्पलने यापेक्षा वेगळं काय केलं असतं?

इथे एक माहिती मुद्दाम देते, कारण पुष्कळ जणींना ती नसते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या चौथ्या कलमात म्हटलं आहे, की कुठे असा हिंसाचार झाला आहे, चालू आहे किंवा होण्याचा संभव आहे, असं मानायला कारण असेल, तर कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. नातं लागत नाही. आणि अशी माहिती चांगल्या हेतूने दिली असेल, तर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तो फोनमध्ये ठेवा. ‘आपण साक्षीदार बनून अडकू’ ही भीती मी रोज ऐकते. ती समजू शकते, कारण गावात राहायचं असतं, त्याच गिरणीत दळण टाकायचं असतं. पण आवाज ऐकला एवढं कळवण्यासाठी खून सिद्ध करावा लागत नाही.

काही सुशिक्षित मंडळी या पुस्तकांना नावं ठेवतात. खुनासारख्या गोष्टीचं कोडं करायचं आणि चहाबरोबर चघळायचं, हे काही बरं नाही म्हणे. शेवटी गुन्हेगार सापडतोच, गाव पुन्हा शांत होतं, असं खऱ्या आयुष्यात कुठे होतं? नाही होत. आमच्या केंद्राच्या कपाटात न सुटलेल्या फायली आहेत, काहींवर धूळ आहे. पण माझ्या मते या कथांची गोडी गुन्हेगार सापडण्यात नाहीच. ती आहे इन्स्पेक्टर त्या म्हातारीचं ऐकून घेतो, त्या क्षणात. आधी तो हसतो, मग गप्प होतो, मग खुर्ची पुढे ओढतो. विणणाऱ्या बाईच्या बोलण्याला पुराव्याचा मान मिळतो. हे वाचायला मला पुन्हा पुन्हा आवडतं. तुम्हालाही आवडेल. ख्रिस्तीबाईंचे मराठी अनुवाद आहेत, गावच्या वाचनालयात मागून पाहा. नसतील तर मागणी नोंदवा, ग्रंथपालांना सांगा की चार जणींनी विचारलं आहे.

आणि आपल्याकडे कोणी लिहील का? मला अशी मराठी मालिका हवी आहे. साताऱ्याकडचं म्हणा, वऱ्हाडातलं म्हणा, बाजारपेठेचं एक गाव. नायिका निवृत्त अंगणवाडी सेविका असू दे. तिला घराघरातल्या मुलांची वजनं आणि आयांचे चेहरे पाठ असतात. किंवा बचत गटाचा हिशेब ठेवणारी, जिला कोणी हप्ता अचानक चुकवला आणि कोणी अचानक आगाऊ भरला हे दोन्ही लगेच कळतं. फक्त तिला विधवा किंवा एकटी करू नका हो. नवरा असू दे, दोन मुलं असू देत, गुडघेदुखीवाली सासूही असू दे. तिने संशयिताला फोन करताना मध्येच ‘थांबा हं, दूध उतू जातंय’ म्हणायला हवं, आणि परत येऊन नेमका तोच प्रश्न विचारायला हवा, जो तो टाळत होता.